डोलकाठी, तारा आणि नियमातलं एक वाक्य

उज्जैनच्या माधव नगरात समुद्राचा विषय सहसा निघत नाही. टॉवर चौकाभोवतीचा हा शिंदेशाहीतला भाग. निम्मं गाव त्याला अजून फ्रीगंजच म्हणतं. इथलं पाणी म्हणजे क्षिप्रा, आणि तिलाही वाहतं ठेवण्यासाठी २०१४पासून नर्मदेचं पाणी नळांतून आणून सोडावं लागतं. अशा मुलखात, इथून चाळीसेक किलोमीटरवरच्या देवास जिल्ह्यात, एका शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या नेहा ठाकूरनं २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या नावांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. एकूण ११ शर्यती, ३२ गुण, आणि सर्वांत वाईट शर्यत वगळून २७. या खेळात पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, अशी मोजणी असते. म्हणजे ज्याच्या पदरात कमी पडलं तो पुढे.

नेहा शिकली ती भोपाळच्या मोठ्या तलावावर, तिथल्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये. त्याच हांगझो स्पर्धेत सिद्धेश्वर डोईफोडे आणि रम्या सरवणन ही भारतीय जोडी ‘नॅक्रा १७’ या कॅटमरानवर उतरली होती. दोन अंगांची, मध्ये जाळीदार कापड ताणलेली ही जुळी नाव दिसायला नेहाच्या नावेहून कितीतरी गुंतागुंतीची. पण दोन्ही नावांच्या खेळाडूंना शर्यतीआधी एकाच प्रकारची पुस्तिका वाचावी लागते, ती म्हणजे आपल्या क्लासचे, म्हणजे नावेच्या प्रकाराचे, नियम. आणि त्या पुस्तिकेतलं सगळ्यात जास्त भांडणाचं पान असतं रिगचं, म्हणजे डोलकाठी, तिला धरून ठेवणाऱ्या तारा, बूम (शिडाची खालची कड धरणारी आडवी काठी) आणि दोर यांचं.

आधी सोपी नाव घेऊ. नेहाची नाव आयएलसीए ४. तिचं धड ४.२३ मीटर लांब. गंमत अशी की याच धडावर तीन वेगळे क्लास चालतात. शीड ४.७ चौरस मीटरचं लावलं की आयएलसीए ४, ५.७६चं लावलं की आयएलसीए ६, आणि ७.०६चं लावलं की आयएलसीए ७. शिडाबरोबर डोलकाठीचा खालचा तुकडा बदलतो, बाकी नाव तीच. हलक्या अंगाच्या मुलीला मोठं शीड पेलायला लावू नये, एवढा साधा विचार त्यामागे आहे.

या क्लासच्या नियमांत डोलकाठीविषयी एक वाक्य आहे, आणि ते नीट समजलं तर निम्मा विषय समजला. कायमचा बाक आलेली डोलकाठी वापरायची नाही, असं ते सांगतं. वाऱ्यात डोलकाठी वाकते. ती वाकायलाच हवी, कारण ती वाकली की शीड सपाट होतं आणि सोसाट्याच्या वाऱ्यातला जोर कमी होतो. ते वाकणं गुन्हा नाही. पण शीड उतरवून डोलकाठी किनाऱ्यावर आडवी ठेवली आणि तरीही तिच्यात बाक दिसला, तर ती बाद. एखाद्यानं मुद्दाम डोलकाठी मागच्या बाजूला किंचित वाकवून ठेवली, तर जोराच्या वाऱ्यात त्याला आयता सपाट आकार मिळेल. म्हणून नियम बाकाला हरकत घेत नाही, बाक टिकून राहण्याला घेतो. इथे ‘कायमचा’ हा शब्द काढला, तर ॲल्युमिनियमची प्रत्येक डोलकाठी पहिल्याच झुळुकीत बेकायदा ठरेल.

उज्जैनकरांना यातली मूळ कल्पना परकी वाटायला नको. मल्लखांबाच्या स्पर्धेत खांब सगळ्यांना एकच असतो, म्हणून कसोटी लागते ती अंगाची. एकाच साच्यातल्या नावांचे क्लास हेच करतात: नाव सारखी, फरक फक्त माणसाचा. मात्र खांब जमिनीत रोवलेला असतो आणि त्याला कोणी तारा लावत नाही. नावेला तारा असतात, त्या ताणता येतात, सैल करता येतात, आणि प्रत्येक खिट्टीपाशी ‘हे चालेल का?’ हा प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नाला उत्तर देण्याच्या दोन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. काही क्लासचे नियम बंद असतात: जे स्पष्टपणे करायची परवानगी दिली आहे तेवढंच करायचं, बाकी सगळं मना. काहींचे नियम खुले असतात: जे स्पष्टपणे मना केलं आहे ते सोडून काहीही करा. आयएलसीए बंद गटातला. ‘ए क्लास’ नावाची एका माणसाची कॅटमरान पुष्कळशी खुल्या गटातली. तिथे लांबी, रुंदी, वजन आणि शिडाचं क्षेत्रफळ यांच्या मर्यादा पाळल्या की बाकी डोकं चालवायला मैदान मोकळं. ज्याला आपली नाव कोणत्या गटात आहे हे ठाऊक नाही, त्यानं पुढचं एकही वाक्य वाचू नये. कारण पुस्तिका एखाद्या गोष्टीविषयी गप्प असेल, तर त्या गप्प राहण्याचा अर्थ पहिल्या गटात ‘नको’ असा होतो आणि दुसऱ्यात ‘खुशाल’ असा. क्लबांतले निम्मे वाद इथेच संपायला हरकत नसते. ते संपत नाहीत, कारण पहिलं पान वाचायचा सगळ्यांना कंटाळा.

नावांचं वर्गीकरण मापांवरून करायची हौस माळव्यात निदान हजार वर्षांपूर्वीपासून आहे. धारच्या राजा भोजाच्या नावावर असलेला ‘युक्तिकल्पतरु’ हा ग्रंथ नावांचे प्रकार लांबी, रुंदी आणि उंचीवरून पाडतो. ‘क्षुद्रा’ म्हणजे १६ हात लांब, ४ हात रुंद आणि ४ हात उंच. ‘मंथरा’ म्हणजे १२० हात लांब आणि रुंदी-उंची ६०-६० हात. चार डोलकाठ्यांची नाव पांढरी रंगवावी, तिनाची तांबडी, दोनाची पिवळी, एकाची निळी, असाही दंडक त्यात आहे. राधाकुमुद मुखर्जींनी १९१२च्या आपल्या नौकानयनावरच्या पुस्तकात या भागाकडे लक्ष वेधलं, तेव्हापासून तो पुन्हा चर्चेत आला. भोपाळचा मोठा तलावही परंपरेनं याच भोजाच्या नावावर. नेहा ज्या पाण्यावर शिकली त्याचं आजचं अधिकृत नाव भोजताल. ग्रंथात लांबीचे आकडे आहेत. पण लांबी मोजायची कुठून कुठपर्यंत? नाळेचं पुढे आलेलं टोक धरायचं की नाही? पाण्यात तरंगताना मोजायची की काठावर? आकडा लिहिणं सोपं असतं, मोजमाप ठरवणं अवघड, आणि आधुनिक शर्यतीच्या नियमांचा मोठा भाग या दुसऱ्या कामातच खर्ची पडला आहे.

त्यासाठी वर्ल्ड सेलिंग या जागतिक संघटनेची एक वेगळी पुस्तिका आहे. ‘सेलिंगच्या साधनांचे नियम’ असं तिचं नाव. डोलकाठी कशाला म्हणायचं, तिची लांबी कुठून मोजायची, तार म्हणजे काय, दोर म्हणजे काय, हे तिथे ठरवलेलं असतं. क्लासच्या नियमांत एखादा शब्द ठळक अक्षरांत छापलेला दिसला, तर त्याचा अर्थ या पुस्तिकेत शोधायचा. तिरक्या अक्षरांत असला, तर शर्यतीच्या मूळ नियमांत. साध्या अक्षरांत असला, तर रोजच्या भाषेतला अर्थ घ्यायचा. छपाईतल्या या बारकाव्यावर पदकं अवलंबून असतात, हे बाहेरच्याला खरं वाटणार नाही.

आता कॅटमरान. नॅक्रा १७ साधारण सव्वापाच मीटर लांब आणि अडीच मीटरांहून थोडी अधिक रुंद. दोन अंगं एकमेकांपासून लांब असल्यामुळे ती सहजी कलंडत नाही, म्हणून तिच्यावर एकअंगी नावेपेक्षा मोठं शीड चढवता येतं. वारा वाढला की वाऱ्याकडचं अंग पाण्याबाहेर उचललं जातं; दोघे खलाशी कमरेच्या पट्ट्याला तार अडकवून, पाय कडेला रोवून, अंग पाण्यावर झोकून देतात. पण नावेला जसा वेग येतो तसा धोका पुढच्या टोकांकडे सरकतो. वाऱ्याचा जोर वर शिडावर, पाण्याचा अडथळा खाली. नाकं पाण्यात घुसली की नाव पुढच्या पुढे कोलांटी खाते आणि माणसं पुढच्या तारांपलीकडे फेकली जातात. डोलकाठी थोडी मागे झुकवली तर नाकांवरचा भार कमी होतो, शिडाचा जोर मागे आणि खाली येतो. म्हणून कॅटमरानमध्ये डोलकाठीचा कल हा वेगाचा आणि जिवाचा, दोन्हींचा प्रश्न असतो.

हा कल बदलतात कसा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. जगभरच्या किनाऱ्यांवर दिसणारी ‘होबी १६’ घ्या. तिची डोलकाठी खाली एका गोलाकार बुडावर बसते, जेणेकरून ती शिडाबरोबर फिरू शकेल. तिला तीन तारा: एक पुढे, दोन बाजूंना. बाजूच्या प्रत्येक तारेच्या खालच्या टोकाशी स्टीलची भोकांची पट्टी असते. तार वरच्या भोकात घेतली की सैल पडते आणि डोलकाठीला मागे झुकायला वाव मिळतो. खालच्या भोकात घेतली की ताणली जाते. भोकात आडवी खिट्टी, खिट्टीला छोटं कडं, कड्यावर चिकटपट्टी, कारण कडं निघालं तर खिट्टी निघेल आणि खिट्टी निघाली तर अख्खी डोलकाठी खाली येईल. हे सगळं किनाऱ्यावर, नाव पाण्यात ढकलण्यापूर्वी.

पाण्यात गेल्यावर मात्र एक मजेदार गोष्ट घडते. पुढचं छोटं शीड, म्हणजे जिब, वर चढवायचा दोर कप्प्यांतून घट्ट ओढला की जिबच्या पुढच्या कडेतली तार ताणली जाते, आणि डोलकाठीला पुढून धरणारी मूळ तार सैल होऊन लोंबकळायला लागते. म्हणजे चालत्या नावेत डोलकाठीला पुढून आधार देतं ते शीड! दोर थोडा सोडला की डोलकाठी मागे जाते, ओढला की पुढे येते.

समजा, एखाद्या क्लासच्या नियमात लिहिलं आहे की शर्यत चालू असताना डोलकाठीला आधार देणाऱ्या स्थिर तारांची लांबी बदलू नये. मग जिबचा दोर ओढून कल बदलणारा खलाशी नियम मोडतो का? साधनांची पुस्तिका उघडली तर तिथे स्थिर आणि चल असे दोन प्रकार दिसतात. स्थिर म्हणजे ज्या तारांवर डोलकाठी उभी राहते त्या. त्या जुळवता येण्याजोग्या असू शकतात, पण शर्यतीत सोडवल्या जात नाहीत. चल म्हणजे ज्यांचा मुख्य उपयोग डोलकाठी, शीड किंवा पाण्याखालचे भाग हलवण्या-जुळवण्यासाठी आहे ते दोर. जिबचा दोर शीड चढवण्यासाठी आहे, म्हणून तो चल. तो ओढला तर स्थिर तारेची लांबी मिलिमीटरनेही बदलत नाही. ती फक्त सैल पडते. तेव्हा आपल्या कल्पित नियमाच्या शब्दांना धक्का लागत नाही. पण नियमात ‘लांबी’ऐवजी ‘डोलकाठीचा कल’ असे शब्द असते, तर तोच खलाशी गुन्हेगार ठरला असता.

क्लबांत एक समज फार पक्का आहे: तार स्थिर म्हटली की तिला शर्यतीत हात लावायचा नाही. व्याख्या असं म्हणत नाही. जुळवणी करता येईल असं ती उघड मान्य करते. बंदी असेल तर ती क्लासच्या नियमांतून येते, आणि तीही बहुधा दुसऱ्याच पानावरून. कारण आजच्या ठरीव आराखड्यात रिगची मापं ‘एफ’ विभागात असतात, तर शर्यतीत काय करायचं आणि काय नाही हे ‘सी’ विभागात. एफ विभाग वाचून ‘इथे कुठे मनाई आहे?’ असं विचारणारे लोक सी विभागाकडे वळतच नाहीत. पहिला विभाग मापाड्यासाठी, दुसरा खलाशासाठी; भांडण नेहमी दोघांच्या मधल्या जागेत.

आणखी एक नियम, क्लासनं स्वतः त्यात बदल केला नसेल तर, सगळ्यांना लागू असतो: तारा, दोर, डोलकाठ्या आणि पाण्याखालचे हलते भाग फक्त नावेवरच्या माणसांच्या बळानं हलवायचे. इंजिन नाही, बॅटरी नाही. यातली ‘माणसांचं बळ’ ही जागा किती रुंद आहे, ते २०१७ साली बर्म्युडात दिसलं. अमेरिकाज कप या शर्यतीच्या कॅटमरानांवर विंग (पंखासारखं ताठ शीड) आणि फॉइल (नाव पाण्यावर उचलून धरणारे पंख) हलवायला लागणारं तेलाचं दाबबळ खलाशी हातांनी हँडल फिरवून तयार करत. न्यूझीलंडच्या संघानं नावेत सायकलींसारखी पायडलं बसवली. पायांत हातांपेक्षा जास्त ताकद असते हे कोणालाही ठाऊक होतं. नियमात ‘हातांनी’ असं लिहिलेलं नाही, हे त्यांनी वाचलं. कप त्यांनी ७–१नं जिंकला.

कॅटमरान आणि नियमांचं हे भांडण कॅटमरानच्या शर्यतींइतकंच जुनं आहे. १८७६ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या शर्यतीत नॅथॅनिएल हेरेशॉफ यांची ‘अमारिलिस’ ही दोन अंगांची नाव सगळ्यांना मागे टाकून गेली. हरलेल्यांनी हरकत घेतली आणि ती मान्य झाली. नियमांत दोन अंगांना मनाई नव्हती. लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही अशी नाव आली नव्हती, एवढंच. बरोबर उलटा निकाल शंभरावर वर्षांनी लागला. १९८८मध्ये न्यूझीलंडचे मायकेल फे यांनी अमेरिकाज कपच्या अटी ठरवणाऱ्या १८८७च्या दानपत्रावर बोट ठेवून ९० फुटी जलरेषेची अवाढव्य नाव आणली. सॅन डिएगोच्या क्लबानं त्याच दानपत्रावर बोट ठेवलं: नावेला अंगं किती असावीत हे त्यात कुठे आहे? त्यांनी पंखासारख्या ताठ शिडाची कॅटमरान आणली आणि शर्यत सहज जिंकली. कज्जा न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेला. पहिल्या न्यायाधीशांनी १९८९मध्ये ही झुंज मुळातच विषम असल्याचं सांगून कप न्यूझीलंडला दिला, त्याच वर्षी वरच्या न्यायालयानं तो फिरवला, आणि १९९०मध्ये राज्याच्या सर्वोच्च पीठानं सॅन डिएगोच्या बाजूनं कायमचा शिक्का मारला. खिलाडूपणाचं काय, हा प्रश्न खेळाडूंनी आपसांत सोडवावा. कागदात जे लिहिलं नाही ते न्यायालय लिहिणार नाही. हे कितीही कोरडं वाटलं तरी नियम वाचायची हीच एकमेव रीत टिकाऊ आहे. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं याचा शोध घ्यायला निघालं, तर प्रत्येक हरलेला माणूस त्या मनातलं वेगवेगळं वाचून दाखवतो.

मापं पाळूनही किती खेळता येतं, याचा नमुना बीजिंग ऑलिंपिकमध्ये दिसला. टॉर्नेडो ही कॅटमरान १९७६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये होती. तिच्या पुढच्या फुगीर शिडाची रुंदी-लांबी नियमांत पक्की होती, पण ते वाऱ्यासोबत जातानाच वापरायचं असं बंधन शब्दांत नव्हतं. शिडाच्या शर्यती जिथे होत्या त्या छिंगदाओला वारा मंद असतो, या हिशेबानं अमेरिकेच्या आणि नेदरलँड्सच्या संघांनी मापांत बसणारं, पण कापणीत खूपच सपाट असं शीड शिवून आणलं. फुगीर शीड वाऱ्याच्या विरुद्ध जाताना निरुपयोगी. हे सपाट शीड मात्र मंद वाऱ्यात वाऱ्याच्या विरुद्ध जातानाही उपयोगी पडणार होतं. बराच गहजब झाला. युक्ती नियमांत बसत होती. बसली नाही ती हवामानात: वारा जोराचा सुटला, त्या शिडांना फुगीरपणाच नसल्यामुळे वाऱ्यासोबत जाताना त्यांचा काही उपयोग होईना, आणि चार वर्षांपूर्वी रौप्य मिळवलेली अमेरिकन जोडी पार मागे पडली. सुवर्ण स्पेनच्या फर्नांडो एचाव्हारी आणि आंतोन पाझ यांनी नेलं.

ए क्लासमध्ये याहून सुरस प्रकार झाला. नाव पाण्यावर उचलून धरणारे पंख कोणी बसवू नयेत, म्हणून पाण्याखालच्या पात्या वरूनच अंगात घालता आल्या पाहिजेत असा नियम केला गेला. खाली पसरट पंख असेल तर तो वरच्या फटीतून जाणार कसा? मग रचनाकारांनी पात्यांना असा वेडावाकडा आकार दिला की त्या वरूनच आत सरकवता येतात आणि खाली जाऊन पंखाचं कामही करतात. नावा उडू लागल्या. अखेर न उडणाऱ्या नावांसाठी वेगळा गट करावा लागला.

या सगळ्यात नियम कोणी मोडला नव्हता. मोडला तर काय होतं, ते २०१३ साली दिसलं. अमेरिकाज कपच्या मुख्य सामन्यांआधी एसी४५ नावाच्या एकसारख्या छोट्या कॅटमरानांवर एक मालिका झाली होती. या नावा बंद नियमांच्या: मापन समितीच्या परवानगीशिवाय काही घालायचं नाही, काढायचं नाही. ओरॅकल या अमेरिकन संघाच्या नावांत, रिगच्या ताणाला खालून टेकू देणाऱ्या एका छोट्या खांबाच्या पोकळीत, जादा वजन भरलेलं सापडलं. वजन किरकोळ होतं; त्यामुळे नाव वेगवान झाली असेल, असं जाणकारांपैकी फारसं कोणी मानलं नाही. संघानं आपणहून त्या शर्यतींतली बक्षिसं सोडली. तरी पंचांनी ३ सप्टेंबर २०१३ रोजी निकाल दिला तो कडक: अडीच लाख डॉलर दंड, काही जणांना स्पर्धेतून बाहेरचा रस्ता, आणि मुख्य सामन्यात पहिले दोन विजय मोजले जाणार नाहीत. फायदा झाला का, हा प्रश्न बंद नियमांत मुळी उद्‌भवतच नाही. परवानगी होती का, एवढंच विचारलं जातं. ओरॅकल पुढे १–८ असा मागे पडला आणि तिथून ९–८नं कप जिंकला, ती वेगळी कहाणी.

त्याच उन्हाळ्यात दुसरा, कमी गाजलेला पण जास्त शिकवणारा वाद झाला. मे महिन्यात सरावात एक मोठी कॅटमरान उलटून अँड्रयू सिम्पसन हा ब्रिटिश ऑलिंपिक विजेता मरण पावला. त्यानंतर शर्यत-संचालकांनी सुरक्षेच्या शिफारशी काढल्या. त्यांत सुकाणूच्या तळाशी असलेल्या आडव्या पंखांविषयीही बदल होते. न्यूझीलंडच्या आणि इटलीच्या संघांनी हरकत घेतली: हा तर क्लासचा नियम, आणि तो बदलायला सगळ्या संघांची संमती लागते. पंचांनी ही हरकत मान्य केली. हेतू सुरक्षेचा, सांगणारा अधिकारी, तरीही अधिकार नाही म्हणजे नाही.

क्लबाच्या पातळीवर हाच धडा रोज लागतो. मापाडी सांगेल, प्रशिक्षक सांगेल, मागच्या वर्षीचा विजेता सांगेल. यांपैकी कोणाचंही मत म्हणजे अर्थनिर्णय नव्हे. शर्यतीच्या नियमांत त्याची वाट आखून दिली आहे: हरकत ऐकणाऱ्या समितीला क्लासच्या नियमाच्या अर्थाविषयी शंका आली, तर तिनं प्रश्न आणि घटनेची माहिती त्या नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकार असलेल्यांकडे पाठवायची, आणि आलेलं उत्तर समितीवर बंधनकारक. खलाशाला शहाणपण असेल तर त्यानं तोच प्रश्न मोसमाच्या आधीच क्लासच्या संघटनेला लेखी विचारावा. पुष्कळजण विचारत नाहीत, कारण उत्तर ‘नाही’ असं येईल ही भीती. आणि विचारलं की युक्ती सगळ्यांना कळणार, ही दुसरी.

झीज आणि मोडतोड हा मात्र निराळा मामला, आणि तिथे नियम बरेच माणुसकीचे आहेत. नेहमीच्या वापरानं किंवा अपघातानं एखादं माप मर्यादेबाहेर गेलं आणि त्यानं नावेचा वेग वाढला नाही, तर शिक्षा नाही. फक्त ते दुरुस्त केल्याशिवाय पुन्हा शर्यतीत उतरायचं नाही; दुरुस्तीची वाजवी संधीच मिळाली नसेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तार वापरून वापरून थोडी लांबली तर ती झीज. रात्री कोणी ती ओढून लांबवली तर तो बदल. पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून पंच मापाबरोबर तारेचा इतिहासही विचारतात.

मोडतोडीचा सगळ्यात नाट्यमय खटला कॅटमरानचा नाही, ४९अर या एकअंगी नावेचा आहे. १७ ऑगस्ट २००८, बीजिंग ऑलिंपिकची अंतिम शर्यत, वारा सोसाट्याचा. आघाडीवर असलेल्या डेन्मार्कच्या योनास वारर आणि मार्टिन किर्केटेर्प यांची डोलकाठी शर्यतीला निघण्यापूर्वीच मोडली. अंतिम शर्यतीत पोचू न शकलेल्या क्रोएशियाच्या जोडीनं आपली नाव देऊ केली. डॅनिश जोडीनं ती ओढतच पाण्यात नेली आणि उशिरा निघूनही परवानगीची वेळ संपण्यापूर्वी रेषा ओलांडली. शिडावर क्रोएशियाचा झेंडा तसाच. अनेक नावा उलटल्या, तीही उलटली, तरी सातवा नंबर मिळाला आणि सुवर्णाला तेवढा पुरला. स्पेन आणि इटलीची हरकत होती की साधन बदलायला आधी मान्यता लागते. नाव परकी होती, पण त्याच स्पर्धेसाठी मोजलेली होती. पंचांनी निकाल बदलला नाही, क्रीडा लवादानं दोन्ही देशांचे अर्ज फेटाळले, आणि नाव देणाऱ्या पाव्ले कोस्तोव्ह व पेतार त्सुपाच यांना खिलाडूपणाचं कुबेर्तां पदक मिळालं.